सापाला पाय काढू नका: एक चिनी वाक्प्रचार नीट कसा वापरायचा

चिनी भाषा शिकायला लागलं की सुरुवातीच्या काळात जे मोजके 'छंग-यू' पाठ करायला लावतात, त्यांत 'ह्वा-ष-थ्येन-चू' बहुतेक वेळा असतोच. छंग-यू म्हणजे शक्यतो चार अक्षरांचा, जुन्या ग्रंथातून किंवा गोष्टीतून आलेला बांधीव वाक्प्रचार. या चार अक्षरांचा सरळ अर्थ असा: काढणे, साप, जोडणे, पाय. सापाचं चित्र काढून त्याला पाय जोडणे. पाठ्यपुस्तकात पुढे एक ओळ असते, 'अनावश्यक गोष्ट करणे', आणि विद्यार्थी ती घेऊन पुढच्या पानावर जातो.

मग गडबड होते. मीटिंग लांबली, लावा ह्वा-ष-थ्येन-चू. कुणी गरजेपेक्षा जास्त सामान आणलं, लावा ह्वा-ष-थ्येन-चू. समोरचा चिनी माणूस समजून घेतो, कारण परक्याने छंग-यू वापरला याचंच त्याला कौतुक असतं. पण तो स्वतः तिथे ही चार अक्षरं वापरणार नाही. 'अनावश्यक' ही अर्थाची अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी बाजू दारूच्या एका पेल्यात आहे, म्हणून आधी गोष्ट पुरती ऐकू या.

पहिली पायरी: गोष्ट, आणि गोष्टीबाहेरची गोष्ट

छू हे प्राचीन चीनमधलं दक्षिणेकडचं बलाढ्य राज्य. तिथे एका घरी पूजाविधी झाला आणि यजमानाने आपल्या पदरच्या माणसांना पेलाभर दारू दिली. माणसं बरीच, पेला एक. सगळ्यांनी वाटून घेतली तर घसाही ओला व्हायचा नाही, एकट्याने प्यायली तर मजेत पुरून उरेल. ठरलं असं की प्रत्येकाने जमिनीवर साप काढायचा. ज्याचा साप आधी पूर्ण होईल त्याचा पेला.

एकाचा साप आधी झाला. त्याने पेला उचलला, डाव्या हातात धरला, ओठांशी न्यायचा तेवढा बाकी होता. इकडेतिकडे पाहिलं तर बाकीचे अजून रेघोट्या ओढत होते. तसा तो उजव्या हाताने पुन्हा काढायला लागला आणि म्हणाला, 'मला तर याला पायसुद्धा काढता येतील.' पाय पुरे व्हायच्या आत दुसऱ्याचा साप झाला. त्याने पेला हिसकावून घेतला. 'सापाला मुळात पाय नसतात, तू कसले काढतोस?' एवढं बोलून दारू पिऊन टाकली.

त्याचा मुद्दा बारकाईने पाहा. 'तू वेळ घालवलास' असं तो म्हणत नाही. त्याचं म्हणणं असं की पाय काढलेस त्या क्षणी तुझं चित्र सापाचं राहिलंच नाही, तेव्हा पहिला साप माझा. पहिल्याचं पूर्ण झालेलं काम पायांमुळे अपूर्ण, किंबहुना बाद ठरलं. युक्तिवाद जरा वकिली आहे, पण बिनतोड आहे.

ही गोष्ट 'चान-क्वो-त्स' या संग्रहात येते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हान दरबारातल्या ल्यू श्यांग या विद्वानाने तो संपादित केला. त्यात युद्धखोर राज्यांच्या काळातले, म्हणजे ढोबळमानाने इ. स. पूर्व 475 ते 221 मधले, मुत्सद्द्यांचे डावपेच आणि संवाद आहेत. सापाची गोष्टही अशाच एका संवादात कुणीतरी कुणाला तरी सांगतो, आणि सांगण्यामागे त्याचा स्वार्थ आहे.

इ. स. पूर्व 323. छूचा सेनापती चाओ यांग याने श्यांगलिंग इथे वेइ राज्याच्या सैन्याचा पराभव केला, शत्रूचा सेनापती मारला, आठ शहरं घेतली. त्या जोरावर त्याने मोर्चा छी राज्याकडे वळवला. छीच्या राजाच्या वतीने छन चेन नावाचा मुत्सद्दी त्याला भेटायला आला. त्याने आधी दोनदा वाकून विजयाबद्दल अभिनंदन केलं, मग उठून साळसूदपणे विचारलं, 'छूच्या कायद्यात शत्रूचं सैन्य मोडून सेनापती मारणाऱ्याला काय मिळतं?' चाओ यांगने आपल्याला मिळणाऱ्या पदाचं आणि मानाचं नाव सांगितलं. 'त्याहून वरचं काय?' 'फक्त लिंग-यिन', म्हणजे राज्याचा मुख्य मंत्री. छन चेन म्हणाला, लिंग-यिनचं पद मोठंच, पण राजा काही दोन लिंग-यिन नेमणार नाही. आणि मग त्याने सापाची गोष्ट सांगितली.

हिशेब उघड होता. मिळायचं ते मिळून चुकलं आहे. छीला हरवलंस तरी वर चढायला पायरी नाही. हरलास किंवा मेलास तर हातचं पद दुसऱ्याला जाईल. कुठे थांबायचं हे ज्याला कळत नाही तो म्हणजे सापाला पाय काढणारा. चाओ यांगला पटलं आणि तो सैन्य घेऊन परत फिरला. एकही बाण न सोडता छन चेनने एक लढाई टाळली.

मूळ मजकुरात चार अक्षरांचा साचा नाही. तिथे 'सापाचे पाय करणे' एवढेच शब्द आहेत. बांधीव रूप पुढच्या काळात घडलं आणि त्यात पेला दिसेनासा झाला. वापरताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

दुसरी पायरी: वापरण्याआधी तीन प्रश्न

हा छंग-यू ओठांवर आला की मनातल्या मनात तीन गोष्टी तपासायच्या.

काम पूर्ण झालं होतं का? साप पुरा व्हायला हवा. अर्धवट कामात कुणी भलतंच काही घातलं तर तो गोंधळ, ढिसाळपणा, काहीही म्हणा; हा वाक्प्रचार तिथे बसत नाही.

जोडलेली गोष्ट त्या वस्तूच्या जातीची आहे का? सापाला आणखी एक वळण काढलं असतं तर तो फार तर लांब साप झाला असता. पाय ही सापाची गोष्टच नव्हे. भाजीत मीठ जास्त पडलं तर ते भाजीचंच मीठ; तिथे ह्वा-ष-थ्येन-चू म्हणता येत नाही.

आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: पेला गेला का? जोडल्यामुळे आधी होतं त्यातलं काही बिघडलं किंवा हातून निसटलं का? चिनी कोशांतही अर्थ देताना 'फायदा तर नाहीच, उलट अयोग्य' अशा धर्तीची पुस्ती असते. नुसत्या निरुपयोगी भरतीसाठी चिनीत वेगळे शब्द आहेत, ते पुढे येतीलच.

एक उदाहरण लावून पाहू. ई-वू हे चच्यांग प्रांतातलं घाऊक बाजारपेठेचं शहर. भारतीय व्यापाऱ्यांचा तिथे मोठा राबता. समजा एक खरेदीदार तिथे बॅगांचा भाव ठरवतोय. घासाघीस झाली, दोन्ही बाजूंना परवडेल असा आकडा ठरला, दुकानदारीण चहा ओतते आहे. अशा वेळी हा गृहस्थ म्हणतो, 'तशा पलीकडच्या गाळ्यात याहून स्वस्त मिळत होत्या.' दुकानदारिणीचा चेहरा उतरतो, आणि थोड्या वेळापूर्वी फुकट कबूल केलेलं पॅकिंग आता जादा पैशांत जातं. सौदा पूर्ण होता. वाक्य सौद्याचा भाग नव्हतं. आणि हातातलं गेलं. इथे ह्वा-ष-थ्येन-चू अगदी चपखल.

दुसरं स्वयंपाकातलं. क्वांगतुंग प्रांतात ताजा मासा नुसत्या आलं-कांद्याच्या पातीवर वाफवतात आणि वरून गरम तेल व थोडा सोया सॉस सोडतात. सगळी मातब्बरी माशाच्या ताजेपणाची. त्यावर कुणी जाडसर तिखट सॉस ओतला तर तिथला खवय्या हा छंग-यू काढू शकतो: पदार्थ पूर्ण होता, सॉस त्या पदार्थाचा नव्हता, चव गेली. आता तीच तक्रार सछ्वान प्रांतातल्या तिखटजाळ माशाबद्दल करून पाहा. तिथे तिखट हाच साप आहे.

तिसरी पायरी: उच्चार, आणि मराठी माणसाची एक सोय

चिनीत प्रत्येक अक्षर ठरलेल्या सुरात, म्हणजे आवाजाच्या चढउतारात, म्हणायचं असतं. या चार अक्षरांचे सूर असे: चौथा, दुसरा, पहिला, दुसरा.

'ह्वा' चौथ्या सुरात, म्हणजे वरून खाली आपटणारा. कुणाला दरडावून 'जा!' म्हणताना आवाज जसा पडतो तसा. 'ष' दुसऱ्या सुरात, खालून वर चढणारा, 'काय?' असं आश्चर्याने विचारताना चढतो तसा. यातला व्यंजनध्वनी खरा मूर्धन्य आहे. जीभ मागे वळवावी लागते. आपण लिहितो ष आणि बोलतो श, ती सवय इथे सोडायची. स्वर 'अ'च्या जवळचा, पण लांबवलेला आणि घशाकडून आलेला. 'थ्येन' पहिल्या सुरात, वर धरून ठेवलेला सपाट आवाज. रोमन लिपीत हे अक्षर 'टियान' असं वाचावंसं वाटतं, तो सापळा आहे. सुरुवातीला महाप्राण थ आणि मध्ये 'ये' ऐकू आला पाहिजे.

शेवटच्या 'चू'मध्ये आपली चैन आहे. हा च 'चहा'मधला नव्हे, 'चमचा' आणि 'चूल'मधला, दातांजवळचा. हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला तो मुद्दाम शिकावा लागतो. आपण तो आईच्या स्वयंपाकघरातूनच उचललेला असतो. 'चूल' म्हणताना ल गिळून टाका आणि आवाज वर न्या, झालं. चिनीत 'चहा'मधल्या चसारखाही ध्वनी आहे, आणि दोन्ही वेगळे ठेवावे लागतात. मराठी लिपीत दोन्हींना एकच अक्षर असल्यामुळे देवनागरीत टिपणं काढणाऱ्यांनी काहीतरी खूण करून ठेवावी.

चारही अक्षरं सारख्या गतीने म्हणू नयेत. छंग-यू बहुधा दोन-दोनच्या जोड्यांत चालतो: ह्वा-ष, थ्येन-चू. मध्ये श्वासाएवढीही फट नको, पण ठेका दोनचा.

चौथी पायरी: लिहिणं

सरलीकृत लिपीत रेघांची संख्या अनुक्रमे 8, 11, 11 आणि 7. पारंपरिक लिपीत फक्त पहिलं अक्षर बदलतं, तिथे ते 12 रेघांचं होतं. लिहिताना नेहमी चुकतं ते तिसरं. 'जोडणे' या अर्थाच्या अक्षराऐवजी 'भरणे' या अर्थाचं, जवळच्या उच्चाराचं अक्षर पडतं. डावीकडे पाण्याच्या तीन रेघा आहेत का बघा. नसतील तर अक्षर चुकलं.

सापाच्या अक्षरात डावीकडे किड्याची खूण असते. उजवा भाग आज 'ते' या अर्थाचं सर्वनाम म्हणून वापरतात, पण मुळात ते सापाचंच चित्र होतं. इसवी सन 100 च्या सुमाराच्या एका चिनी अक्षरकोशात लिहिलंय की फार जुन्या काळी गवताळ रानात राहणारी माणसं एकमेकांना भेटली की विचारायची, 'साप नाही ना?' क्षेमकुशल विचारण्याची ही तऱ्हा मला फार आवडते.

पायाच्या अक्षराचं एक लक्षात ठेवा. रोजच्या बोलण्यात पायाला दुसरा शब्द आहे, 'च्याव'. 'चू' हा जुन्या भाषेतला. बाजारात चप्पल घेताना तो चालणार नाही, आणि या छंग-यूत 'च्याव' घालून चालणार नाही. छंग-यूचं एकही अक्षर बदलायचं नाही, अर्थ तोच राहिला तरी.

फोनवर हे सगळं सोपं आहे. पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीच्या, कीबोर्डवर चारही अक्षरांची फक्त पहिली रोमन अक्षरं टाकली की पूर्ण छंग-यू बहुधा समोर येतो. पण परीक्षेत फोन नसतो.

पाचवी पायरी: वाक्यात बसवणं

व्याकरणाच्या दृष्टीने यात दोन क्रियापदं आणि त्यांची दोन कर्मं आधीच आहेत. म्हणून त्याला आणखी कर्म लागत नाही. मराठीत विचार करून 'त्याने निबंधाला ह्वा-ष-थ्येन-चू केलं' असं वाक्य रचलं तर ते चिनीत उभं राहत नाही. निबंधाचा उल्लेख आधीच्या वाक्यात करून घ्यायचा आणि मग छंग-यू स्वतंत्रपणे आणायचा.

सर्वांत सुरक्षित साचा 'असं करणं म्हणजे' हा: 'नी च-यांग च्वो, षर् ह्वा-ष-थ्येन-चू.' तू असं करणं म्हणजे सापाला पाय काढणं. व्याकरण बिनचूक, पण स्वर थोडा फटकळ.

सूचना करताना आधी 'पू-याव', म्हणजे 'नको', लावायचं: 'पू-याव ह्वा-ष-थ्येन-चू.' चित्र काढणाऱ्याला, पत्र लिहिणाऱ्याला, भाषण लांबवण्याच्या बेतात असलेल्या मित्राला. काम हातातून सुटायच्या आत सांगितलेलं असल्यामुळे यात टोमणा कमी आणि काळजी जास्त असते.

'फान-अर' म्हणजे 'उलट'. चांगल्या हेतूने केलं, पण उलट बिघडलं, अशा वाक्यात छंग-यूच्या आधी 'फान-अर' आलं की अर्थ नेमका होतो, कारण पेला गेल्याची जाणीव त्या एका शब्दात येते. मला विचाराल तर नव्याने शिकणाऱ्याने पहिलं वाक्य याच साच्यात करावं. चुकीच्या जागी वापरण्याची शक्यता आपोआप कमी होते.

टीका सौम्य करायची तर 'वेइ-म्येन यौ-त्येन' आधी लावतात: 'जरासं सापाला पाय काढल्यासारखंच झालं म्हणायचं.' परीक्षणात, अभिप्रायात हा साचा नेहमी दिसतो. आणि छंग-यूला 'त' हा प्रत्यय लावला की तो विशेषण होतो: 'ह्वा-ष-थ्येन-चू त ई-पी', सापाला पाय काढणारा फटकारा. चित्राबद्दल बोला किंवा कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाबद्दल, दोन्हीकडे चालतो.

सहावी पायरी: शेजारी ओळखणं

छंग-यू एकेकटे पाठ केले की विसरतात. शेजाऱ्यांसकट ठेवले की टिकतात. 'थ्येन', म्हणजे जोडणे किंवा घालणे, हे क्रियापद असलेले काही नेहमीचे छंग-यू आहेत आणि प्रत्येकात जोडण्याचा परिणाम वेगळा.

'चिन-षांग-थ्येन-ह्वा' म्हणजे जरीच्या कापडावर फुलं काढणे. वस्तू आधीच सुंदर होती, जोडल्याने अधिक खुलली. हे कौतुक आहे. 'थ्येन-यौ-च्या-त्सू' म्हणजे तेल घालणे, व्हिनेगर घालणे. दुसऱ्याचं बोलणं पुढे सांगताना त्यात पदरचं घालणे. याला मराठीत शोधाशोध करावी लागत नाही, आपण 'तिखटमीठ लावून सांगणे' म्हणतो. स्वयंपाकघर दोन्हीकडे आहे, फक्त फडताळातल्या बरण्या वेगळ्या. चाडी करणाऱ्याला ह्वा-ष-थ्येन-चू म्हटलं तर चूक, तिथे हे तेल-व्हिनेगरच हवं.

'त्वो-त्स-ई-च्यू' यात थ्येन नाही, पण गोंधळ याच्याशीच सर्वांत जास्त होतो. अर्थ: हा एक उपद्व्याप जास्तीचा. दार उघडंच असताना बेल वाजवली, तर त्वो-त्स-ई-च्यू. नुकसान झालंच पाहिजे अशी अट नाही. शंका आली की हाच वापरावा, तो सहसा तोंडघशी पाडत नाही. 'नुंग-छ्याव-छंग-च्वो' म्हणजे हुशारी करायला गेला आणि फजिती झाली. तिथे नुकसान आहे, पण आधी काही पूर्ण झालेलं असायची गरज नाही.

खरा जोडीदार मात्र 'ह्वा-लुंग-त्येन-चिंग': ड्रॅगन काढून त्याच्या डोळ्यांत बुबुळं भरणे. ल्यांग राजवटीतला (इ. स. 502 ते 557) चित्रकार चांग सेंगयाव याने आजच्या नानचिंगमधल्या आनलं मंदिराच्या भिंतीवर चार ड्रॅगन काढले, पण डोळ्यांची बुबुळं काढली नाहीत. काढली तर उडून जातील, म्हणाला. लोकांना ही थाप वाटली, त्यांनी आग्रह धरला. दोघांच्या डोळ्यांत ठिपके दिले आणि वीज कडाडून भिंत फुटली, ते दोन ड्रॅगन ढगांवर स्वार होऊन आकाशात गेले. ठिपके न दिलेले दोन भिंतीवरच राहिले. 847 मध्ये पूर्ण झालेल्या चित्रकारांच्या एका चरित्रग्रंथात ही कथा नोंदलेली आहे. आज भाषणातलं किंवा कवितेतलं नेमकं एक वाक्य सगळ्याला जिवंत करतं तेव्हा हा छंग-यू वापरतात.

दोन्हींत चित्र आहे, दोन्हींत शेवटचा फटकारा आहे. एक फटकारा चित्राला जिवंत करतो, दुसरा चित्र बाद करतो. चिनी समीक्षक दोन्ही एकाच वाक्यात समोरासमोर ठेवतात: 'लेखकाला वाटलं ड्रॅगनचे डोळे भरतोय, निघाले सापाचे पाय.' असं वाक्य तुम्हाला सहज जमलं तर समजा छंग-यू तुमचा झाला.

एक अवघड प्रकरण: सम्राटाचे शिक्के

नियम पाठ झाले की ते वादाच्या जागी लावून बघावेत. छ्येनलुंग हा छिंग घराण्याचा सम्राट 1735 मध्ये गादीवर आला. त्याला जुनी चित्रं आणि हस्ताक्षरं जमवायचा नाद होता, आणि जमवलेल्यांवर लिहायचा त्याहून मोठा. चिनी सुलेखनातला सर्वांत मोठा मानला जाणारा वांग शी-चिर् याचं म्हणून ओळखलं जाणारं एक छोटं पत्र त्याच्याकडे होतं: बर्फ पडून आकाश मोकळं झाल्याबद्दलचं, अवघ्या 28 अक्षरांचं. आज ते तैपेइच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्या चिटोऱ्याभोवती छ्येनलुंगने वर्षानुवर्षं अभिप्राय लिहिले, शिक्के मारले आणि 'दिव्य' अशा अर्थाचं एक भलंमोठं अक्षर रेखाटलं. आज मूळ पत्र शोधायला नजर थोडी भिरभिरते. चिनी तरुण समाजमाध्यमांवर या सम्राटाच्या शिक्केबाजीची यथेच्छ टर उडवतात.

हे ह्वा-ष-थ्येन-चू का? पूर्णत्वाची अट पुरी होते. जातीची अट वादात अडकते, कारण मालकाने शिक्का मारणं, रसिकाने दोन ओळी लिहिणं ही चिनी चित्रपरंपरेतली मान्य रीत आहे. शिक्का हा त्या सापाला परका अवयव नव्हे. पेल्याचं उत्तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून. मी स्वतः इथे हा छंग-यू 'यौ-त्येन' लावूनच वापरेन, कारण बिघडलं ते प्रमाण.

त्याच सम्राटाची दुसरी हकीकत जास्त गमतीची. ह्वांग कुंगवांग या चित्रकाराने काढलेल्या फूछुन डोंगरांच्या प्रसिद्ध गुंडाळीचित्राची एक नक्कल त्याच्या हाती आली. तीच अस्सल समजून त्याने तिच्यावर इतके अभिप्राय लिहिले की मोकळी जागा उरली नाही. नंतर अस्सल चित्र दरबारात आलं तेव्हा तेच नक्कल ठरवलं गेलं, आणि म्हणून सम्राटाच्या लेखणीतून ते जवळजवळ कोरं सुटलं.

सातवी पायरी: कुणाला म्हणायचं

हा छंग-यू निंदाव्यंजक आहे. मित्राला, भावंडाला, हाताखालच्या माणसाला चालतो. शिक्षक विद्यार्थ्याच्या निबंधावर शेरा म्हणून लिहू शकतात, विशेषतः गोष्ट रंगून संपल्यावर विद्यार्थ्याने खाली तात्पर्याची ओळ ठोकली असेल तर. वरिष्ठाने केलेल्या दुरुस्तीबद्दल त्याच्यासमोर, तेही चारचौघांत, वापरू नये. कारखान्याच्या मालकाने प्रेमाने जोडलेल्या जादा सुविधेबद्दल तर मुळीच नाही. तिथे 'आधीचंच छान होतं' एवढं पुरतं.

वडीलधाऱ्यांसमोर तो उलटा वापरता येतो, स्वतःवर. बैठकीत सगळं बोलून झालं आहे, तरी तुम्हाला एक मुद्दा मांडायचाच आहे: 'वो च्याइ ह्वा-ष-थ्येन-चू त ष्वो ई-च्यू.' मी आपला सापाला पाय काढल्यासारखं आणखी एक वाक्य बोलतो. माणसं हसतात, तुम्हाला बोलायला मोकळीक मिळते. फक्त मग खरोखर एकच वाक्य बोलावं.

आठवी पायरी: मराठीत आणताना

भाषांतर करणाऱ्यासमोर तीन-चार म्हणी हात वर करून उभ्या राहतात. 'अति तेथे माती' सर्वांत आधी, आणि ती बहुधा चुकीची. तिच्यात प्रमाण जास्त होण्याची तक्रार आहे. सापाच्या गोष्टीत पाय एक काढला काय अन् चार काढले काय, सारखंच. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' बरीच जवळची: हुशारी दाखवायला गेला आणि हाती काही लागलं नाही. माणसावर बोट ठेवायचं असेल तेव्हा मी हीच घेतो. 'दुधात मिठाचा खडा' परिणाम छान दाखवते, पण खडा टाकणारा बहुधा दुसराच कुणी असतो, आणि त्याच्या मनात खोट असू शकते. सापाला पाय काढणाऱ्याच्या मनात खोट नसते, फुशारकी असते. छन चेनने चाओ यांगला जे सांगितलं त्याला 'हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे' अगदी फिट्ट बसतं, पण ते त्या प्रसंगालाच. चित्राबद्दल किंवा लेखाबद्दल बोलताना ती म्हण ओढूनताणून आणल्यासारखी वाटेल.

ललित मजकुरात मी सरळ 'सापाला पाय काढणं' असंच ठेवतो. मराठी वाचकाला चित्र लगेच दिसतं, तळटीप लागत नाही. 'सापाचे पाय' असं नाम करून मात्र ठेवू नये. संस्कृतात सापाच्या पायांची वेगळीच कथा आहे: सुंदरकांडात राक्षसिणी सीतेला विचारतात की हा वानर कोण, तेव्हा ती म्हणते, तुम्हालाच ठाऊक असेल, सापाचे पाय सापच जाणतो. तिथे साप पाय असलेला आहे, फक्त ते इतरांना दिसत नाहीत. जीवशास्त्रही सीतेच्याच बाजूने: अजगराच्या शरीरात मागच्या पायांचे अवशेष असतात आणि बाहेर नखीएवढे दिसतातही. छूमधल्या त्या माणसाला हे माहीत असतं तर पेल्यासाठी जरा भांडता आलं असतं.

जपानी शिकणाऱ्यांसाठी

पुण्यात चिनीपेक्षा जपानी शिकणारे जास्त, म्हणून हे जाता जाता. जपानीत हीच गोष्ट 'दासोकू' या दोन अक्षरी शब्दात राहते, साप आणि पाय एवढंच. चार अक्षरी रूप तिथे क्वचित दिसतं. जपानीत दासोकू स्वतःबद्दलच जास्त वापरतात: पत्राच्या किंवा व्याख्यानाच्या शेवटी 'दासोकू नागारा' म्हणून एखादी जादा माहिती देतात, आणि ती बऱ्याचदा ऐकण्यासारखी असते. कोरियनमध्ये त्याच दोन अक्षरांचा उच्चार 'साजोक' होतो आणि 'साजोक लावणे' म्हणजे नको ती पुरवणी जोडणे. दोन्ही भाषांत पेल्याची अट सैल झाली आहे. नुसतं जादा असलं तरी शब्द चालतो. त्यामुळे जपानी आधी शिकून चिनीकडे वळणाऱ्यांनी दुसऱ्या पायरीतले तीन प्रश्न दोनदा वाचावेत.